बाबांच्या पोटात सोडलेली तार

पोंभुर्ण्याच्या जंगलातल्या आमच्या वस्तीत बी.एस्सी. झालेला पहिला माणूस मी, आणि हे सांगायला मला कधी लाज वाटली नाही. म्हणूनच नागपूरचा डॉक्टर पोटातलं आम्ल मोजायचं यंत्र घेऊन सरकारी दवाखान्यात आला, तेव्हा लोकांना समजावायला त्यानं मलाच गाठलं. बारीक तार, टोकाला तांदळाच्या कणीएवढा सेन्सर. ती नाकातून पोटात सोडायची, की बाहेरच्या डब्यावर काटा हलतो. दुखत नाही, असं मी घरोघरी सांगत फिरलो. बदल्यात एकच मागितलं : बाबांची छातीतली जळजळ तपासा, औषध द्या.

"तुमचे वडील म्हणजे माझे वडील," डॉक्टर म्हणाला.

शेजारचा काका बाबांना चिडवायचा, "काऊन गा भाऊ, पोटात रेडिओ बसवून राह्यला म्हंते? लाव मंग धानाचा भाव!"

बाबा त्या दिवशी पाहुणपणाला निघाल्यासारखे धुतलेलं धोतर नेसून आले. तार आत गेली. काटा आम्ल जवळजवळ नाहीच म्हणत होता. मी चक्रावलो. तार काढल्यावर विचारलं, "बाबा, सकाळी काही खाल्लं का?"

"नाई गा. थोडा खायचा सोडा घेतला पाण्यात. एवढ्या मोठ्या डॉक्टरसमोर आंबट ढेकर देऊ का? तुह्या इज्जतीचा सवाल हाय."

मी तसाच डॉक्टरकडे गेलो. "साहेब, यांनी सोडा घेतलाय. हा आकडा खरा नाही. उद्या पुन्हा तपासा."

तो तार गुंडाळत होता. "राहू द्या. मला निरोगी पोटंही हवीच आहेत. जंगलातल्या लोकांना हा त्रास नसतो, हेच तर दाखवायचंय." मग बाहेर येऊन बाबांच्या खांद्यावर हात ठेवला. "बाबा, पोट एकदम फर्स्टक्लास!"

संध्याकाळी त्याची जीप गेली.

तो खोटं बोलला, हे मी सांगून थकलो. बाबा हसायचे. "त्याले जास्त समजते का तुले?" चंद्रपूरला चला म्हटलं की तेच 'फर्स्टक्लास' ऐकवायचे आणि सोडा घ्यायचे.

काळी उलटी झाली तेव्हा कुठे एसटीत बसले. चंद्रपूरची डॉक्टरीण माझ्यावर ओरडली, "जुना अल्सर आहे हा! आधी का नाही आणलं?"

खाटेवरून बाबाच बोलले, "तपासलं होतं ना, बाई. माह्या पोरानंच तर मोठा डॉक्टर आणला होता."

अभिमानानं बोलले ते. ऑपरेशनमधून वाचलेही. पण 'तुमचे वडील म्हणजे माझे वडील' असं कोणी म्हटलं, की माझं डोकं अजून फिरतं.