देवाची मूठ आणि पिंजाऱ्याची चूल

अन्याय झाला तो आमच्या आळीतल्या एका विधवेवर. केव्हा, तेही सांगतो: बेचाळीसच्या चळवळीनंतरच्या उन्हाळ्यात, पावसासाठी उपास-प्रार्थनेचा म्हणून नेमलेल्या रविवारी, उपदेश संपल्यावर आणि शेवटचं गीत सुरू व्हायच्या आत. करणारे आमच्याच ख्रिस्ती मंडळीचे पंच होते. सरकारविरुद्ध पत्रकं लिहायला मी तोवर शिकलो होतो. घरच्यांविरुद्ध लिहायची वेळ पहिल्यांदाच आली.

आमचं गाव शेवगावच्या कोरड्या अंगाला. विहिरींचे तळ उघडे पडले होते. धडधाकट गडी पाटाच्या पट्ट्यात, देवळाली प्रवरेकडे, उसाच्या कामाला गेले होते. मागे राहिली ती म्हातारी माणसं, बायका, पोरं आणि पंच.

आम्हा ख्रिस्ती घरांत एक रीत होती. बाई दळायला बसली की जात्यात घास टाकण्याआधी एक मूठ ज्वारी देवाच्या नावानं वेगळ्या गाडग्यात टाकायची. महिनाअखेरच्या रविवारी ते गाडगं मंदिरात, म्हणजे आमच्या चर्चमध्ये, नेऊन रिकामं करायचं. या धान्यालाच आम्ही 'मूठ' म्हणायचो. त्या वर्षी आधीच्या बऱ्या दिवसांतली मूठ मंदिरामागच्या खोलीत पोत्यांत पडून होती, तोंडं शिवलेली. ती विकून नवी घंटा घ्यायची होती. जुनीला चीर गेली होती आणि तिचा आवाज फुटक्या घमेल्यासारखा यायचा.

त्या रविवारी पाळकसाहेबांनी बायबलातल्या टोळधाडीच्या संदेष्ट्याचं भविष्य वाचलं. टोळांनी शेत खाल्लं, धान्य गेलं, देवाच्या घरचं अन्नार्पण बंद पडलं, तेव्हा पश्चात्ताप करा, असं. उपदेश झाला आणि गाडगी रिकामी होऊ लागली. कुणाची ओंजळभर, कुणाची चिमूटभर. त्या विधवेची पाळी आली. आम्ही सगळे तिला मावशी म्हणायचो. मावशीनं गाडगं उपडं केलं. काहीच पडलं नाही.

"मूठ कुठाय?" थोरले पंच म्हणाले.

"पिंजाऱ्याच्या चुलीवर शिजली."

मागं कुणीतरी हसलं. पिंजारी तिचा भिंतीला भिंत लागून शेजारी, मुसलमान. दुष्काळात गाद्या कोण भरून घेणार? त्याचं काम बसलं, वर तापानं तो अंथरुणाला खिळला. घरात दोन लेकरं.

"देवाचं धान्य तू परक्याच्या चुलीवर घातलंस?"

"लेकरं परकी नसत्यात, दादा. रडत्यात तवा आपल्याच भिंतीतून आवाज येतो."

थोरले पंच मंडळीकडे वळले. "आत्ता शास्त्र ऐकलंत ना? अर्पण बंद पडलं म्हणून दुष्काळ आला. कुणाच्या घरात बंद पडलं ते आज कळलं." ठरलं असं की पुढच्या रविवारी प्रभुभोजन होतं, येशूच्या आठवणीत एका मेजावरून सगळ्यांनी भाकर आणि द्राक्षरसाचा प्याला घ्यायचा विधी; त्याआधी मावशीनं उभं राहून मंडळीपुढं पापाची कबुली द्यायची. नाही दिली तर भाकर नाही, प्याला नाही.

दुपारी मी तिच्याकडे गेलो, तेव्हा ती गोणपाट पांघरून लुगडं वाळायची वाट बघत बसली होती. लढाईपायी कापड मिळत नव्हतं. होतं ते एकच. मी तावातावानं म्हणालो, "मावशी, नको जाऊस त्यांच्या मेजावर! त्या तुकड्यानं काय पोट भरतंय?"

"तू लई शिकला हाईस, पर येडाच ऱ्हायलास," ती म्हणाली. "आरं, आमच्या जल्मात पानवठ्यावर, बाजारात, कचेरीत, जिथं जावं तिथं 'लांब बस' म्हनत्यात. त्या एका मेजावर मला कुनी लांब बस म्हनलं न्हवतं." मग तोंड फिरवून म्हणाली, "आता तिथं बी म्हनले."

"मग कबुली देतेस?"

"आन् काय म्हनू? लेकरांनी खाल्लं ह्याचं वाईट वाटतं म्हनू? देवाफुडं खोटं बोलू व्हय रं?"

मी रागारागानं पत्रक लिहिलं आणि पाळकसाहेबांना वाचून दाखवलं. पंचांना मी त्यात टोळ म्हटलं होतं. पाळकसाहेब भला माणूस, पण पंचांपुढं नेहमी दबून. ऐकून त्यांनी बायबल उघडून माझ्यापुढं सरकवलं. मग म्हणाले, "पत्रक राहू दे. रविवारी मी वचन अर्ध्यात थांबवलं. या रविवारी तू वाच, आणि थांबू नकोस."

मी आधी घरी वाचून पाहिलं. पंचांनी सगळं उलटं धरलं होतं! अर्पण बंद पडलं म्हणून दुष्काळ आला, असं तो संदेष्टा म्हणतच नाही. टोळांनी रान खाल्लं, म्हणून अर्पणाला धान्य उरलं नाही, असं म्हणतो. आणि लगेच पुढं कुणाला बोलावतो? उपाशी बाईला नाही. वेदीची सेवा करणाऱ्यांना: तुम्ही गोणपाट नेसा, तुम्ही रडा. मग वडीलधाऱ्यांना जमवा म्हणतो. आणि पुढं म्हणतो, कपडे नका फाडू, काळीज फाडा. मला मावशीचं वाळत घातलेलं लुगडं आठवलं. फाडायला तिच्याकडे दुसरं होतं कुठं? लहानपणापासून हे भविष्य मी धमकी म्हणून ऐकत आलो होतो. त्या दिवशी मला ते पहिल्यांदा एखाद्या बापाच्या हाकेसारखं वाटलं.

रविवारी मी वाचलं, शेवटपर्यंत. मेजावर भाकर झाकलेली होती. मावशी दाराशी बसली होती, आत नाही, बाहेर नाही. थोरले पंच म्हणाले, "वाचन पुरे. बाईला उभी करा."

"आधी मी," पाळकसाहेब म्हणाले. ते मागच्या खोलीत गेले, एका पोत्याची शिवण दातांनी तोडली, ज्वारी जमिनीवर ओतली आणि ते रिकामं पोतं खांद्यावर घेऊन मेजापुढं गुडघ्यांवर बसले. "हे भरलेलं असताना मी तुम्हाला पश्चात्ताप करा म्हणालो. पाप माझं आहे."

मग एक पंच उठून त्यांच्याशेजारी बसला. थोरले पंच टोपी घालून निघून गेले, जाताना दारातल्या मावशीला म्हणाले, "झालं समाधान?"

"भाकर खाल्ल्याबिगर कसं हुईल, दादा?"

त्या दिवशी ज्वारी वाटली गेली. पिंजाऱ्याच्या घरीही गेली. पाळकसाहेबांनी भाकर मोडून पहिला तुकडा दाराशी नेला. मावशीनं तो घेतला, पण आत आली नाही. "पंचांनी लांब बस म्हनलं, पंचांनीच बोलवावं," म्हणाली. पंचांचा निकाल आजही कायम आहे. पाऊस आला, पुन्हा गाडगी भरू लागली, घंटा आली, आणि ती अजून दाराशीच बसते.

म्हणून हे तुम्हाला लिहितो, मंडळीच्या बंधुभगिनींनो. दुष्काळाचं भविष्य वाचलं जाईल तेव्हा दाराकडे बोट दाखवू नका. तुमच्या मंदिरामागची खोली उघडा. आणि पुढच्या प्रभुभोजनाआधी, भाकरीवरचं कापड काढण्याआधी, उठून दाराशी जा आणि जी बाहेर बसली आहे तिला हाताला धरून आत आणा.