उर्फच्या दोन्ही बाजूंना मी

डॉक्टरांनी हृदयाच्या झडपेचं चित्र कागदावर काढून दाखवलं, ऑपरेशनचे धोके सांगितले आणि माझ्या वयाकडे बघून फारसा आग्रह धरला नाही. मी त्यांचे आभार मानले. लेक बरोबर होती, ती दवाखान्याच्या जिन्यातच रडायला लागली. मी म्हटलं, रडायचं ते घरी जाऊन रड, इथे लोकांना चढायला जागा नाही. घरी पोचेपर्यंत माझ्या डोक्यात एकच शब्द घोळत होता : आवराआवर. गावाला निघताना आपण गॅस बंद करतो, दूधवाल्याला सांगतो, शेजारी किल्ली देतो. तेवढंच करायचं होतं, फक्त परत यायचं नव्हतं.

ह्यांनी जाताना सगळं आखून ठेवलं होतं. शाळेत हेडक्लार्क होते; घरातल्या डाळींच्या डब्यांवरही चिठ्ठ्या चिकटवणारा माणूस. ते गेल्यावर मला कुठल्या खिडकीपुढे फारसं ताटकळावं लागलं नाही. सदाशिव पेठेतला फ्लॅट माझ्या नावावर झाला, बँकेत लेक नॉमिनी आहे. ती घटस्फोट घेऊन माझ्याकडे आली त्याला बरीच वर्षं झाली. लग्नात तिनं नाव बदलायला साफ नकार दिला होता, तेव्हा तिच्या सासरच्यांनी नाकं मुरडली होती. परत येताना तिला काहीच बदलावं लागलं नाही.

राहिला होता माझ्या माहेरचा, मांजरी गावातला जमिनीचा तुकडा. माझ्या लग्नाच्या आदल्या वर्षी वडिलांनी विहिरीलगतची थोडी जमीन विकत घेतली आणि सरळ माझ्या नावावर केली. गाव हसलं. परक्याच्या घरी जाणाऱ्या पोरीच्या नावावर कोणी जमीन करतं का? वडील म्हणाले, "पोरगी जाईल परक्याच्या घरी. हीर कुठं जाती?" तेव्हापासून तिथे ऊस लावतो तो माझा मोठा भाऊ. मी कधी काही विचारलं नाही, तोही कधी काही बोलला नाही. आता त्या उसाच्या तीन बाजूंना इमारती उभ्या आहेत.

हा तुकडा लेकीच्या नावे मृत्युपत्रात लिहायचा, एवढं काम घेऊन मी पेठेतल्याच एका वकीलबाईंकडे गेले. तरुण, चटपटीत बाई. त्यांनी सातबारा बघितला, आधार कार्ड बघितलं, आणि दोन्ही टेबलावर शेजारी शेजारी ठेवली.

"काकू, ही जमीन दुसऱ्याच बाईंची आहे."

"ती मीच."

"नाव वेगळं, वडिलांच्या जागी नवऱ्याचं नाव, आडनाव वेगळं. एक अक्षर जुळत नाही. लग्नात नाव बदललं का? मग त्याचा पुरावा लागेल."

"पुरावा तांदळात होता," मी म्हटलं.

त्यांना कळेना. त्यांच्या पिढीत ही पद्धत राहिलेली नसावी. मी सांगितलं की लग्नात ताटात तांदूळ पसरतात आणि नवरा अंगठीनं त्यात बायकोचं नवं नाव लिहितो. मीही माझं नवं नाव तेव्हाच वाचलं, ताटात, सगळ्यांबरोबर. मला आधी कोणी विचारलं नव्हतं. आजीचं नाव मला दिलेलं होतं, गावच्या देवीचं. ते पेठेत शोभणार नाही असं सासरी ठरलं होतं.

"आणि ते तांदूळ?" वकीलबाई हसू दाबत म्हणाल्या.

"दुसऱ्या दिवशी शिजवले."

लग्नाची नोंदणी तेव्हा कोणी करत नसे. नाव बदललं की ते सरकारी गॅझेटात छापून आणतात, हे मला परवापरवापर्यंत माहीत नव्हतं. लग्नपत्रिकेवर जुनं नाव, रेशन कार्डावर नवं, आणि दोघींना जोडणारा भात आम्ही वरणाबरोबर जेवलो होतो. मला आधी हसू आलं आणि मग सणकून राग आला. मी जिवंत असताना मीच मी आहे हे पटत नसेल, तर मी गेल्यावर माझ्या लेकीला कोण पटवू देईल?

लेक म्हणाली, "आई, सोड ना. मला नकोय ती जमीन. माझं भागतंय. उगाच टेन्शन घेऊन दगदग करू नकोस."

"तुला नको असेल तर तू सोड," मी म्हटलं. "मी तुला देणार, मग तू ती दान कर नाहीतर तिथे मोगरा लाव. पण सातबाऱ्यावरची ती पोरगी बेवारस मरू देणार नाही मी. माझ्या बापानं तिला नावानिशी तिथे उभं केलंय."

वकीलबाईंनी मार्ग सांगितला. मृत्युपत्रात दोन्ही नावं घालायची, मध्ये 'उर्फ' लिहायचं. उर्फ! पेपरात पाकीटमारांना लावतात तो शब्द. मी तसं म्हटलं, तर त्या म्हणाल्या, कायद्यात दुसरा शब्द नाही. मग मी अट घातली की उर्फच्या आधी जुनं नाव येईल. रीत उलटी आहे म्हणे, चालू नाव आधी येतं. मी म्हटलं, जी आधी जन्मली ती आधी. त्यांनी खोडून तसं लिहिलं. (ती दोन नावं मी इथे लिहिणार नाही. एवढा खटाटोप करून एक झालेय, पुन्हा दोन व्हायची हौस नाही.)

पण नुसत्या उर्फनं भागत नव्हतं. माहेरच्या कोणीतरी नोटरीसमोर शपथेवर सांगायला हवं होतं की या दोन बायका एकच आहेत. लग्नाला हजर असलेला, मला दोन्ही नावांनी ओळखणारा माणूस. माहेरचं असं एकच माणूस जिवंत होतं : माझा मोठा भाऊ. म्हणजे मी ती नाही असं ठरलं तर जमीन ज्याच्याकडे राहणार, त्यानंच मी ती आहे असं सांगायचं होतं.

मी आणि लेक मांजरीला गेलो तेव्हा दादा ओट्यावर खुर्ची टाकून बसला होता. पाय सुजलेले, पण पाठ ताठ. भाचा, म्हणजे दादाचा मुलगा, चहा घेऊन आला. मी येण्याचं कारण सांगितलं तसा तो खाली वाकून मऊ आवाजात म्हणाला, "आत्या, तुमी कशाला या वयात कोर्टकचेरी करताय? हक्कसोड करून द्या. आपल्याच घरात ऱ्हाईल."

"तुझ्या घरात," मी म्हटलं. "माझं घर सदाशिव पेठेत आहे."

दादा इतका वेळ उसाकडे बघत होता. तो म्हणाला, "हक्कसोड ती कशी करंल? आधी ती कोन हाय त्ये तर ठरू दे."

लेकीनं माझा हात धरला.

"दादा, मी कोण आहे ते तुला माहीत नाही?"

"त्या नावाचं हितं कुनी ऱ्हात न्हाई, असं मला सांगितलंय. तुझ्या सासूनं."

आणि मला तो दिवाळसण आठवला. लग्नानंतरची पहिली भाऊबीज. दादा खांद्यावर गुळाची ढेप घेऊन मांजरीहून पेठेत आला होता आणि खालूनच त्यानं मला हाक मारली होती, शेतात मारायचा तशी, जुन्या नावानं. मी आत पुरण वाटत होते. सासूबाई दारात गेल्या आणि त्यांच्या त्या स्वच्छ, शांत आवाजात म्हणाल्या, "या नावाचं इथे कोणी राहत नाही." मी हात धुऊन बाहेर येईपर्यंत दादा वर आला होता. मी ओवाळलं, तो जेवला, गेला. सासूबाईंच्या बोलण्याला असली धार असायचीच. मी ते तेव्हाच सोडून दिलं होतं. दादानं सोडलं नव्हतं. त्यानंतर त्यानं मला कधीच कुठल्याही नावानं हाक मारली नाही, हे त्या ओट्यावर पहिल्यांदा माझ्या लक्षात आलं. 'अगं', 'हे बघ', 'येतीस का', एवढ्यावर त्यानं पन्नासेक वर्षं काढली होती.

"त्या गेल्या रे आता," मी म्हटलं.

"म्हाईत हाय. मातीला आलो हुतो मी." मग तो म्हणाला, "कदी यायचं?"

भाचा काही बोलायला गेला. दादानं त्याच्याकडे नुसतं बघितलं आणि तो कपबशा उचलून आत गेला.

ठरल्या दिवशी शिवाजीनगरला कोर्टाजवळच्या नोटरीच्या खोलीत आम्ही जमलो. भाच्यानंच दादाला गाडीतून आणलं होतं आणि तो दाराशी टेकून उभा होता. वकीलबाईंनी कागद पुढे केला. नोटरीबुवांनी चष्म्यावरून दादाकडे बघितलं.

"आजोबा, या बाईंना ओळखता?"

"माजी बहीन हाय."

"नाव?"

दादानं माझं जुनं नाव घेतलं. मोठ्यानं घेतलं, खालच्या रस्त्यावर ऐकू जाईल असं. त्या नावाला ओ द्यायची सवय गेली होती, तरी अंगातलं काहीतरी उठून उभं राहिलं.

"आणि लग्नानंतरचं नाव?"

दादा दाराकडे बघायला लागला.

"आजोबा, लग्नानंतरचं नाव सांगा."

"त्ये त्येंनी ठिवलं. मी न्हाई ठिवलं."

वकीलबाई गोड आवाजात म्हणाल्या, "पण तुम्ही ते सांगितल्याशिवाय दोघी एकच आहेत हे कसं ठरणार?"

"मी कदी घेतलं न्हाई त्ये नाव. घ्यायचा न्हाई."

नोटरीबुवांनी पेनचं टोपण लावलं. भाचा दारात सरळ उभा राहिला. लेक माझ्या कानात म्हणाली, आई, जाऊ दे, चल. आणि मला त्या म्हाताऱ्याचा असा संताप आला की डॉक्टरांनी बघितलं असतं तर तिथेच दाखल करून घेतलं असतं.

"दादा," मी म्हटलं, "त्यांनी ठेवलं हे खरं. पण वापरलं मी. त्या नावानं मी संसार केला, पोर वाढवली, नवऱ्याची उस्तवार केली. आता ते त्यांचं राहिलेलं नाही, माझं आहे. तू ते घेतलं नाहीस, तर तुझी बहीण लग्नाच्या मांडवातच मेली असं या कागदावर होईल. मग इतकी वर्षं तू ओवाळून कोणाकडून घेतलंस?"

दादानं माझ्याकडे बघितलं. इतकं सरळ त्यानं माझ्याकडे कित्येक वर्षांत बघितलं नव्हतं. दोनदा त्यानं ओठ जुळवले आणि उघडले.

मग त्यानं माझं नवं नाव घेतलं.

त्यात एक ण आहे. पेठेत तो सगळ्यांनी नीट, ठसठशीत उच्चारला. दादाच्या तोंडात त्याचा न झाला. सासूबाईंनी निवडलेलं ते शोभिवंत नाव मांजरीच्या पोरीचं असल्यासारखं ऐकू आलं. मला रडू आवरलं नाही, आणि मी ते आवरायचा प्रयत्नही केला नाही.

"बरुबर घेतलं का?" त्यानं विचारलं.

"बरोबर," मी म्हटलं.

नोटरीबुवांनी टोपण काढलं. दादानं सही केली, शिक्के बसले. खाली उतरताना भाच्यानं मुकाट्यानं माझा हात धरला. तेवढं त्यालाही समजलं असावं. मृत्युपत्रात मी लिहिलंय की जमीन लेकीची, पण दादा असेपर्यंत ऊस त्याचा आणि विहिरीचं पाणी दोन्ही घरांचं. वकीलबाई म्हणाल्या, पाण्याचं कलम जरा भाबडं आहे. मी म्हटलं, राहू दे. गाडीत बसताना दादा म्हणाला, "झालं न्हवं तुजं? आता मर निवांत." लेक दचकली. मी तिला सांगितलं की मांजरीत मायेनं असंच बोलतात.

आवराआवर जवळपास संपली आहे. नेत्रदानाचा कागद फ्रिजवर लावलाय, लॉकरची किल्ली लेकीकडे आहे, दागिन्यांच्या डबीवर ह्यांच्यासारखी चिठ्ठी चिकटवली आहे. फक्त एक नवीन गोष्ट सुरू झाली, जी आवरायचं माझ्या मनात नाही. दर रविवारी सकाळी दादाचा फोन येतो. तो माझ्या मोबाईलवर करत नाही; लेकीच्या करतो, आणि जुन्या नावानं मला मागतो, मोठ्यानं, दारातून हाक मारल्यासारखा.

"हाय का घरात?"

"आहे, मामा. बोलावते," लेक म्हणते.

परवा मी तिला बसवून शेवटची सूचना दिली. म्हटलं, एका रविवारी तो असाच विचारेल आणि मी नसेन. तेव्हा काय बोलायचं ते आत्ताच ठरवून ठेव. या नावाचं इथे कोणी नाही, असं चुकूनही तोंडातून जाऊ देऊ नकोस.

"मग काय म्हणू?" तिनं विचारलं.

"होती म्हण. इथेच होती."