गोचीड ऊब शोधते

काजूच्या बागेत माकड मरून पडलं होतं. आमच्याकडे त्याला मारुती मानून हळदकुंकू लावतात, मग पुरतात. जाऊबाई वाकल्या, तोच आरोग्यसेविका ओरडली, "वैनी, हात लावू नको गो! त्याच्या गोचडी आता तुका शोधतत. चावल्यो तर माकडताप येता, तो डोक्यात गेलो की माणूस घरच्यांका वळखणा नाय."

"मारुतीक कुंकू लावूक तुझी परवानगी होयी?" जाऊबाई फणकारल्या, पण हात आखडला.

अंग थंड झालं की गोचीड तिथून निघते. तिला ऊब हवी असते. माणूस मात्र थंड पडलेल्या अंगालाच जास्त हात लावतो.

जाऊबाईंनी लांबूनच हात जोडले. "रागावू नको रे बाबा," त्या माकडाला म्हणाल्या, "घरात पोरां असत."