पूजलेला नंदी

लक्षवातींचा नेम घेतला की चार बाया दुपारी एकत्र बसतातच, आणि हात वातीत गुंतले की तोंडं मोकळी होतात. लाखनीच्या आमच्या ओसरीत असे किस्से कापसासारखे साचले. खेळण्यांचा विषय निघाला की आधी आम्ही हसायचो. मग एकेकीची मान खाली जायची.

प्लॅस्टिकची खेळणी तेव्हा नुकतीच येऊ लागली होती. शेजारच्या सरूने जत्रेतून लेकीसाठी खुळखुळा आणला. आठवडाभरात तो उकलला आणि आतला मणी पोरीच्या घशात! पालथी घालून थापट्या मारल्या, तेव्हा बाहेर पडला. सरूने मारुतीला नारळ फोडला. प्रसादाला गेलो तर खुळखुळा पुन्हा पोरीच्या हातात, उकललेल्या जागी मेण लावलेलं.

"आता काय होते? नारळ फोडला ना!" सरू म्हणाली.

आम्ही खोबरं चघळत माना डोलावल्या.

माझ्या घरची पत्र्याची मोटार. तिच्या कडेने थोरल्याचं बोट कापलं, म्हणून मी ती कपाटावर ठेवली. पुढे एकोडी गावची नणंद आली, तिचं लेकरू रडू लागलं, तर मी तीच मोटार काढून दिली. जाताना त्याच्या बोटावरची हळदीची चिंधी सारखी करत नणंद एवढंच म्हणाली, "वहिनी, तुमच्या घरचं खेळणं लय धारदार आहे जी."

ते 'जी' मला अजून टोचतं.

आमच्यात थोरल्या मालतीकाकू. त्यांची नात लाल रंगाची लाकडी बाहुली चोखायची. ओठ लालभडक झाले की काकू कौतुकाने सांगायच्या, "पाहा वो, विडा खाल्ला माह्या सोनीनं!" पोरीला ओकाऱ्या सुरू झाल्या, तेव्हा काकूंनी मीठ-मोहऱ्या ओवाळल्या. दृष्ट कोणाची लागली म्हणून आळीतल्या सगळ्या बायांची नावं घेऊन झाली. बाहुलीचं नाव कोणी घेतलं नाही.

तान्ह्या पोळ्याला, म्हणजे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, आमच्याकडे पोरं चाकांचे लाकडी नंदी ओढत घरोघर जातात. सरूच्या लेकाच्या, गुड्डूच्या नंदीचा एक खिळा बाहेर आलेला. एका साली तो त्याच्या पोटरीत शिरला. खिळा उपटून टाकू म्हटलं, तर काकूंनी अडवलं, "पूजलेल्या देवावर हातोडी चालवतात का वो?" आम्हा सगळ्यांना पटलं. नंदीला हळदकुंकू लागलं, गुड्डूला इंजेक्शन.

पुढच्या साली तोच नंदी, तोच खिळा. पोळ्याच्या दिवशी पिठोरी, म्हणजे लेकरांच्या आयुष्यासाठी आमचा कडक उपास. संध्याकाळी आमच्यासमोर सरूने पूजा आटोपली, खीर-पुरीचं ताट डोक्यावर धरलं आणि रीतीप्रमाणे मागे न बघता विचारलं, "अतीत कोण?" अतीत म्हणजे अतिथी; मागे उभ्या लेकराने 'मी' म्हणून ताट घ्यायचं असतं.

गुड्डूने हात पुढे केलाच नाही.

तिने पुन्हा विचारलं. दिवसभराची उपाशी बाई, दोन्ही हातांनी ताट सावरत होती.

"आधी नंद्याचा खिळा काढ," गुड्डू म्हणाला. "मंग सांगतो."

ताट वर तसंच. काकूंनी माझ्याकडे बघितलं, मी जमिनीकडे. आणि हातोडी कुठे ठेवली आहे, हे त्या घरात कोणालाच आठवेना.