गालावरचा उजेड

त्याचा दिवस पहाटे सव्वाचारला सुरू व्हायचा. पाचला घर सोडायचं, पाऊण तास चालायचं, पावणेसहाला कार्ड पंच करायचं. एकतीस वर्षं तो वेल्डर होता आणि मी त्याच खात्यात फिटर. मी जुळवायचो, तो जोडायचा. माझं काम एक सूत जरी चुकलं तरी त्याच्या लक्षात यायचं. तोंडाने काही बोलायचा नाही. तिथे खडूने फुली मारायचा आणि दुसरा जॉब घ्यायचा.

खात्यात सगळे त्याला अकरा म्हणत. वेल्डरच्या मुखवट्याला काळी काच असते आणि तिला नंबर असतो, नंबर मोठा तशी काच जास्त काळी. बाकीचे दहा नंबरची लावत, हा एकटा अकराची. नवीन आलेल्याला वाटायचं, हा रोज अकरा नंबरच्या बसने, म्हणजे दोन पायांनी येतो, म्हणून अकरा. तो कोणाचा गैरसमज दूर करायच्या भानगडीत पडायचा नाही.

निवृत्तीला पाच-सहा महिने राहिले असताना शेजारच्या वेल्डरने न सांगता ठिणगी पाडली. अकराचा मुखवटा तेव्हा वर होता. अशा वेळी संध्याकाळपर्यंत डोळ्यांत मूठभर वाळू टाकल्यासारखं होतं. दोन दिवस तो डोळ्यांवर ओलं फडकं ठेवून घरी पडून राहिला. तिसऱ्या दिवशी सकाळी साडेआठला फडकं काढलं, तर समोर त्याची बायको, म्हणजे वहिनी. खिडकीशी स्टुलावर बसून ती कोटाला काज करत होती.

एका शिंप्याकडून तिला काळे कोट यायचे. ती हाताने काज करायची. काळ्या कापडावर काळा दोरा. त्याला उजेड लागतो, आणि तो तिला त्या एका खिडकीतून मिळायचा, सकाळी आठ ते दहा. वरच्या मजल्यावर दोन खोल्या, वर पत्रा. बाकी तिन्ही बाजूंना शेजाऱ्यांच्या भिंती. सव्वीस वर्षांच्या संसारात कामाच्या दिवशी त्या वेळेला तो कधी घरी नव्हताच. सुट्टीच्या दिवशी असायचा, तेव्हा ती काम बाजूला ठेवून त्याच्या जेवणाखाण्याच्या मागे असायची.

हे सगळं त्याने मला चहाच्या सुट्टीत सांगितलं. म्हणजे सांगितलं एवढंच : "अरे, ती काज करत होती. तिच्या तोंडावर असा..." हाताने हवेत काहीतरी दाखवलं आणि थांबला. मग कप धुऊन ठेवताना म्हणाला, "कॅमेरा केवढ्याला येतो रे?"

त्याने जुना कॅमेरा घेतला. भिंगं बदलता येतात तसला, जाडजूड, डिजिटल. एका स्टुडिओवाल्याने नवीन घेतला म्हणून हा विकायला काढला होता. वर एक चकती आणि तिच्यावर अक्षरं. स्टुडिओवाल्याने ती हिरव्या खुणेवर आणून ठेवली.

"काका, इथून हलवू नका. सुखात राहाल."

"बाकीची अक्षरं मग कशाला आहेत?"

"ती आमच्यासाठी."

अकराला हे लागलं. सगळी अक्षरं समजावल्याशिवाय तो दुकानातून उठेना. ए लावलं तर भिंगाचं भोक केवढं उघडायचं ते तुम्ही ठरवायचं आणि ते किती वेळ उघडं ठेवायचं ते कॅमेरा ठरवणार. एस म्हणजे उलट. वेळ तुमची, भोक कॅमेऱ्याचं. पी वर दोन्ही तोच ठरवतो, पण वर तुम्हाला विचारतोही, म्हणजे जावयासारखा. आणि एम म्हणजे सगळं तुमच्या डोक्यावर. त्याशिवाय कॅमेऱ्याची उजेडाची भूक कमीजास्त करायचा आणखी एक आकडा. अकराने तो चारशेवर ठेवला आणि पुन्हा कधी हात लावला नाही.

दुसऱ्या दिवशी मला म्हणाला, "आपल्यासारखंच आहे. करंट, रॉडची जाडी, हाताचा वेग. तीन गोष्टी. एक बदलली की दुसरी बदलायची."

त्याच आठवड्यात शेजारच्या मोकळ्या जागेवरचं बांधकाम वर चढलं. खांब त्याच्या मजल्यापर्यंत आले होते. खिडकीपासून तीन हातांवर. अकराने गवंड्याला विचारलं.

"मिस्त्री, इथे भिंत येणार?"

"येणारच की. घराला भिंत नको?"

"कधी?"

"मी एकटा आहे. तीन आठवडे धरा. चौथ्याला तुम्हाला आमची भिंत दिसेल आणि आम्हाला तुमची." गवंडी स्वतःच हसला.

तीन आठवडे, म्हणजे सुट्टीच्या तीन सकाळी. मी म्हटलं, एक दिवस रजा टाक. तो म्हणाला, "फोटोसाठी रजा? अर्जात काय लिहू?" बायकोला कामाच्या वेळी बघायचं आहे असं लिही, म्हटलं. तो हसला नाही. बहुधा तेच खरं होतं म्हणून.

पहिल्या सुट्टीला त्याने मला बोलावलं. का, ते सांगितलं नाही. एकट्याला अवघडल्यासारखं होत असणार. वहिनीला स्टुलावर बसवलं, हातात कोट दिला.

"अहो, कुकर लावायचाय."

"आज मी लावतो. तू काज कर."

"भाऊजी, यांना बरं नाहीये का?"

हिरव्या खुणेवर पहिला फोटो काढला. कॅमेऱ्याने आपल्या मनाने डोक्यावरचा दिवा उघडला आणि लख्ख झालं. वहिनीने पडद्यावर पाहिलं. "चोर पकडल्यावर काढतात तसा आलाय." मग अकराने चकती ए वर नेली. खिडकी छान आली, बाहेरचा खांबसुद्धा आला, आणि वहिनी काळीठिक्कर. तिने बराच वेळ बघितलं.

"ही मी आहे का कोट?"

"तू."

"मग कोट कुठाय?"

पंचवीस-तीस फोटो काढले. सगळे तसेच. दहा वाजता खिडकीतला उजेड सरकला आणि ती कुकर लावायला उठली. तो स्वतः लावतो म्हणाला होता, तेही राहिलं.

सोमवारी पाळी सुटल्यावर तो तडक स्टुडिओवाल्याकडे गेला. तो म्हणाला, "कॅमेरा खिडकीला बघून ठरवतोय काका, काकूंना बघून नाही. आणा इकडे, संगणकावर उजळून देतो."

"म्हणजे वाकडा जोड घासून सरळ दाखवायचा. नको. जोड कसा मारायचा ते सांग."

तेव्हा त्या माणसाने खरी गोष्ट सांगितली. काकूंच्या अगदी जवळ जा, कॅमेऱ्यात फक्त गाल दिसेल इतके. तिथला उजेड मोजा. आकडे लक्षात ठेवा. मग मागे या, चकती एम वर करा, तेच आकडे लावा, आणि खिडकी काय म्हणते तिकडे लक्ष देऊ नका.

दुसऱ्या सुट्टीला मी गेलो तेव्हा समोरची भिंत खिडकीच्या खालच्या चौकटीइतकी वर आली होती. उजेड अजून पुरा होता. अकराने वहिनीच्या गालापाशी कॅमेरा नेला. भोक चारवर ठेवलं तर वेळ आली सेकंदाचा एकशे पंचविसावा भाग. त्याने ते दाराच्या मागे खडूने लिहिलं. तो खडू कामावरचाच, पत्र्यावर खुणा करायचा.

इथवर सगळं बरोबर. पण मागे आल्यावर त्याने भिंगातून पाहिलं, पलीकडे ती पांढरीफेक खिडकी, आणि त्याचं बोट आपोआप चाक फिरवायला लागलं. भोक बारीक, वेळ कमी. एकतीस वर्षं ज्याने उजेड अडवायची काच जवळ बाळगली, त्याला एवढा उजेड आत घ्यायचा धीर होईना. फोटो पुन्हा अंधारे.

मी म्हटलं, "दारामागे लिहिलेलं एक आणि लावतोस दुसरंच."

"डोळे जातील असं वाटतं रे."

"कोणाचे? कॅमेऱ्याचे?"

तो ओशाळला. चाक पुन्हा एकशे पंचवीसवर आणत होता, तेवढ्यात खालून हाक आली. कारखान्याचा माणूस सायकल धरून उभा. बॉयलरला तडा गेला होता. वेल्डर तेवढा एकच होता ज्याच्यावर भरवसा. अकराने चाकावरचं बोट काढलं. वहिनी कोट मांडीवर घेऊन तशीच बसली होती. मग त्याने कॅमेरा कपाटावर ठेवला आणि चपला घातल्या. एकतीस वर्षांत कामाला नाही म्हटलं नव्हतं.

मीही गेलो. त्या दिवशी त्याने तडा तीन थरांत भरला, एकदाही रॉड चिकटला नाही. दुपारी एकला बाहेर आलो तेव्हा म्हणाला, "झाक आला जोड." तोंड मात्र कोणीतरी गेल्यासारखं.

उरली तिसरी सुट्टी. त्या सकाळी भिंत खिडकीच्या वरच्या चौकटीच्या दीड हात खाली होती. गवंडी पलीकडून थर लावतच होता. त्याला त्या दिवशी सुट्टी नव्हती. वरच्या पट्टीतून जेवढा उजेड उतरत होता तेवढ्यात वहिनी स्टूल पुढे ओढून बसली. तिला न सांगता कळलं होतं. कोट तिने आधीच काढून ठेवला होता आणि कुकर पहाटेच लावला होता.

अकराने गालाजवळ मोजलं. सेकंदाचा पंधरावा भाग. दारामागे लिहिलं. मागे आला, दारात उभा राहिला, आकडे लावले आणि या वेळी त्यांना हात लावला नाही. फोटो काढला. उजेड बरोबर आला होता. पण चेहरा पुसल्यासारखा. दुसरा काढला, तोही तसाच. पाच काढले. प्रत्येकात वहिनीला दोन-दोन नाकं.

"मी हलले नाही हं," ती म्हणाली.

तो घामाघूम. भोक आणखी उघडत नव्हतं, वेळ कमी केली की अंधार. पलीकडे थापीचा आवाज. मी बाजूला उभा राहून त्याच्याकडे बघत होतो. सहाव्या वेळी मला दिसलं. बटण दाबायच्या आधी त्याने मान खाली झटकली.

वेल्डरला दोन्ही हात गुंतलेले असतात. ठिणगी पाडायच्या आधी तो मान झटकतो आणि मुखवटा तोंडावर पडतो. ही सवय मेल्याशिवाय जात नाही. एकशे पंचविसाव्या भागात ती झटक कॅमेऱ्याला दिसली नसती. पंधराव्या भागात दिसत होती.

"अरे, तू मुखवटा पाडतोयस."

"कुठला मुखवटा?"

"मान झटकतोस. प्रत्येक वेळी."

त्याला पटेना. वहिनी कोटातून वर न बघता म्हणाली, "झटकतात. माझ्याशी बोलतानासुद्धा झटकतात. मी म्हटलं, जुनंच आहे."

"आधी नाही सांगितलंस?"

"सव्वीस वर्षांनी काय सांगायचं?"

त्याने न झटकता प्रयत्न केला. झटकलीच. मग मी त्याला दाराच्या चौकटीला खांदा टेकवायला लावला, मागे गेलो आणि दोन्ही हातांनी त्याचं डोकं धरलं. वाइसच्या जबड्यात जॉब धरतात तसं. त्याचे कान माझ्या पंज्यांत गरम लागत होते. अठ्ठावन्न वर्षांचे दोघे पुरुष तसे उभे.

"हसवू नका," वहिनी म्हणाली. "काज अर्धं झालंय."

"तू तुझं काम कर," तो म्हणाला. "आमच्याकडे बघू नकोस."

ती कामाला लागली. सुई आत गेली, बाहेर आली, तिने दोरा ओढला. माझ्या हातांत त्याची मान एकदा ताठ झाली, मी दाबून धरली, आणि बटणाचा आवाज आला.

तो फोटो मी पुष्कळदा पाहिलाय. ती खाली बघतेय. कपाळावर, गालाच्या हाडावर आणि ओढलेल्या दोऱ्यावर उजेड. कोट काळा आहे, पण काजाचा प्रत्येक टाका मोजता येतो. ओठांच्या कोपऱ्यात हसू दाबलेलं आहे, ते आमच्यामुळे. वहिनीने पाहिला आणि म्हणाली, "अशी दिसते मी काम करताना?" तो म्हणाला, "हो." मग मी घरी निघालो.

मला वाटलं, विषय संपला. आठवड्याने त्याच्याकडे गेलो. भिंत खिडकीच्या वर गेली होती. वहिनी ट्यूबलाइटखाली काज करत होती. ट्यूब तिच्या पाठीमागच्या भिंतीवर, त्यामुळे तिची सावली तिच्याच हातांवर पडत होती. चालतंय ना, मी विचारलं. चालतंय की, ती म्हणाली. सुई डोळ्यांच्या फार जवळ धरली होती.

अकरा उठला, कपाटावरून कॅमेरा काढला आणि तिच्या गालापाशी नेला.

"आता कशाला?"

"बस तशीच."

मोजून झाल्यावर त्याने दारामागे तिसरा आकडा लिहिला. सेकंदाचा आठवा भाग. तो त्या तीन ओळींसमोर उभा राहिला. मग बोटांवर मोजलं. एकशे पंचवीसचे साठ, साठाचे तीस, तिसाचे पंधरा, पंधराचे आठ. दर खेपेला उजेड निम्मा.

"सोळा आण्यांतला एक आणा राहिलाय," तो म्हणाला. "आणि ही म्हणते चालतंय."

"तुम्ही काय रोज मोजत बसणार आहात?"

"नाही."

दोन महिन्यांनी तो निवृत्त झाला. स्टुडिओवाल्याने त्याच्यासाठी एक मोठं भिंग बाजूला ठेवलं होतं. खात्यातल्या लोकांनाही वाटलं, आता हा ते घेणार आणि पक्ष्यांचे फोटो काढत फिरणार. शेवटचा पगार हातात आला त्या दुपारी त्याने मला बरोबर घेतलं आणि आम्ही हार्डवेअरच्या दुकानात गेलो. तीन दिवस आम्ही त्याच्या छतावर होतो. मी पत्रा कापला आणि कोपरे काटकोनात जुळवले, त्याने चौकट जोडली. एका कोपऱ्यात माझं अर्धं सूत चुकलं होतं. त्याने फुली मारली, मी पुन्हा केलं. वहिनी खालून विचारत होती, पाऊस आत येईल का, आणि तो वरून सांगत होता, येणार नाही.

एकतीस वर्षांच्या नोकरीचा शेवटचा पगार त्यात गेला : दोन लांब लोखंडी अँगल, रबराची पट्टी, आणि तिच्या स्टुलाच्या बरोबर वर बसेल अशी तीन फूट बाय दोन फुटांची, जाळी घातलेली एक स्वच्छ पांढरी काच.