अप्पांचा आवाज

नव्या चादरीच्या खळीचा वास आला की ती संध्याकाळ आठवते. अप्पा एमआयडीसीत चादरीच्या मागावर कामाला होते. दिवसभर त्या खडखडाटात राहून घरीही ओरडूनच बोलायचे. मीठ मागितलं तरी शेजाऱ्यांना कळायचं. मंदीत कारखाना बंद पडला आणि त्यांचा आवाज बसला. त्या संध्याकाळी आम्ही जेवत होतो आणि टीव्हीवाला मंदी संपली म्हणून ओरडत होता. भाकरी थापता थापता आई म्हणाली, "संपली व्हय? मग हे का अजून हळू बोलायलेत?" अप्पांनी काहीतरी मागितलं, ते ऐकूच आलं नाही. मीठ हवं होतं. आता ते जुळे सोलापूर भागात वॉचमन आहेत. मंदी संपल्याचं परवा पुन्हा ऐकलं. फोनवर मी अजून म्हणते, "अप्पा, जरा मोठ्यानं बोला की."