सरस्वतीला बद्धकोष्ठ

पार्सिपनीजवळच्या फ्ली मार्केटात, म्हणजे जुन्या सामानाच्या बाजारात, दर रविवारी एक जाडा, म्हातारा गोरा जुनी मासिकं फाडत बसायचा. त्याच्या आजोबांच्या काळात अमेरिकेत घरोघरी वाचली जायची, ती मासिकं. जाहिराती ब्लेडने कापून तो फ्रेम करायचा आणि कथांची पानं शेजारच्या स्टॉलवालीला कपबश्या गुंडाळायला द्यायचा. वर म्हणायचा, "कथा कोण भिंतीवर लावतं?"

एकदा खाली पडलेल्या पानाला माझा बूट लागला. सवयीने मी वाकून पानाला हात लावला आणि कपाळाला टेकवला. त्याचं ब्लेड थांबलं. कागद म्हणजे आमची सरस्वती, विद्येची देवी, पाय लागला तर नमस्कार करायचा, असं मी समजावलं. त्याने चष्मा चढवून पान पाहिलं. गोळ्यांची डबी घेतलेली एक बाई हसत होती.

"मित्रा, ही बद्धकोष्ठावरची जाहिरात आहे."

पुढच्या रविवारी ती बाई फ्रेममध्ये बसून त्याच्या डोक्यामागे टांगलेली. सोबत आलेल्या माझ्या मुलीचा पाय एका पानाला लागला आणि ती तशीच पुढे निघाली. घरी मी सांगून थकलो होतो. "बाबा, इट्स जस्ट पेपर," हे तिचं ठरलेलं उत्तर.

म्हातारा गुरकावला, "पोरी, आधी वाक."

ती मुकाट्याने वाकली. मग फ्रेमकडे बघत हळूच म्हणाली, "बाबा, हू इज शी?"

मी म्हणालो, "सरस्वती."